निकाली

चांदबी मुलाणी, राहणार वरकुटे, वय सत्तरच्या पुढं,
पाव किलो कंदी पेढे घेऊन आली
दहिवडीच्या तहसिलात, बाजाराच्या एसटीनं.
"निकाल लागला म्हनं माजा."
पदराच्या गाठीतून पत्र काढलं, चार घड्यांचं,
शिक्क्यावर तेलाचं बोट उमटलेलं.

पत्र मीच टाइप केलेलं.
'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की,
आपला संदर्भाधीन अर्ज
आवश्यक त्या कागदपत्रांअभावी
निकाली काढण्यात येत आहे.'
नातवानं वाचून दाखवलेलं, सातवीतल्या.
त्याच्या शाळेत निकाल म्हणजे पास.
दुसरा निकाल त्यानं अजून बघितलेलाच नाही.

पेढा माझ्या हातात आला.
भोईटे मॅडमनी तर खाल्लासुद्धा,
मी काही बोलायच्या आत.

एकोणीस वर्षं ही भाषा शिवतोय
पोत्याच्या तोंडासारखी, दाभणानं:
सबब, सदरहू, यथोचित, निम्नस्वाक्षरीकार.
मागं एका म्हाताऱ्यानं विचारलेलं,
हे सदरहू राहतात कुठल्या आळीला?
आम्ही हसलो होतो. चहा मागवला होता.

"बसा," म्हटलं. कोरा कागद ओढला.
चांदबी, तुमचा अर्ज नाकारला आहे.
वाचून दाखवलं.
"कुनी नाकारला?"

'काढण्यात येत आहे'मध्ये कुणीच नसतं.
खुर्ची रिकामी, वर पंखा चालू.
साध्या वाक्याला कर्ता लागतो,
शाळेत शिकवलेलं, पाटीवर, खडूनं.
खोडलं. लिहिलं: मी.

आणि मग पुढचं वाक्य झाकेना.
तुम्ही म्हाताऱ्या आहात, हे मला दिसतंय.
तरी वयाचा दाखला आणा.
वाचता वाचता घसा बसला माझा.

साहेब खांद्यावरून बघत होते.
म्हणाले, असं लिहायला लागलात
तर लोक उलटं विचारतील.

चांदबी कागद हातात धरून बसली.
वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिली त्याच्याकडं.
"आता कळलं," म्हणाली. "कुनाशी भांडायचं ते."
मग पेढ्यांचा पुडा जवळ ओढला,
दोन कमी, मोजले तिनं,
दोरा परत गुंडाळला, गाठ मारली.
"दाखला घिऊन यीन. तवा वाटीन."

ट्रेमध्ये सदतीस पत्रं होती, सहीला.
माझा पेढा नस्तीवर तसाच.
त्याला मुंगी लागली होती.