पाऊण बादली

धायरीत मे उताराला लागला की
टँकर एक दिवसाआड येतो,
आणि आमच्या एसीचा पाइप
रात्रभर टिपकत राहतो, चार मजले खाली,
मीटरच्या खोलीमागे.

तिथं सत्यशीलानं बादली ठेवलीय.
ऑइलपेंटची, निळी, कडेला चीर गेलेली.
मला वर्षभर पत्ता नव्हता.
मी समजत होते, हे पाणी कुठंच जात नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा सासरे म्हणाले,
पुण्यात कशाला लागतोय एसी?
आम्ही पंखासुद्धा होळीनंतर पुसायला काढायचो.
आता चिंचवडहून येतात, चपला काढायच्या आत
"जरा लावा ते" म्हणतात
आणि शाल पांघरून त्याच्याखाली बसतात.

अभिरामला अठरा लागतो, मला सव्वीस.
बावीसवर संसार चालतो.
रिमोट त्याच्या उशाखाली.

सत्यशीला त्या पाण्यानं जिना पुसते,
उरलं तर अबोलीला घालते.
"लई हलकं पानी, ताई, साबन लगीच फेसाळतो."
थोडं थांबून:
"चव मात्र न्हाई त्याला कसलीच."

एका रात्री सिंहगडाकडून वारं सुटलं,
आम्ही खिडक्या उघड्या टाकून झोपलो.
सकाळी ती पायरीवर:
"काल लावला न्हाई व्हय? बादली कोरडी."
जणू मी रतीब चुकवला होता.

"आन परवा," फडकं पिळत म्हणाली,
"दुसऱ्या पाइपालाबी धार.
घमेलं लावलं मग त्याच्याखाली.
पाव्हणे आलते का?"

परवा मी पलीकडच्या खोलीत झोपले होते.
सव्वीसवर. कडी लावून.
भिंतीपलीकडे तो, त्याच्या अठरावर.
कशावरून झालं ते आता आठवतही नाही,
गॅसच्या बुकिंगवरून असेल.

"हो," मी म्हणाले, "पाहुणे."

तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग घमेल्यात पाहिलं.
"ऱ्हाऊ द्या की अजून दोन दिस," म्हणाली,
"वरच्या मजल्याचं पुसणं होऊन जाईल माजं."

त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.
खाली थेंब पडल्याचा आवाज येतो का, ऐकत.
चौथ्या मजल्यावर नाही येत.