सूतक

सकाळी सहाला काचेवरचा बर्फ खरवडून
गाडी काढते. स्क्रॅन्टनला आज
मिसेस कोवाल्चिक, वय नव्वद,
एका नखाचा गुलाबी रंग उडालेला.
आधी तो भरते.

एडिसनच्या घरी कावळा शिवला की
चार दिवस मी गराजमध्ये.
ताट दारातून आत सरकायचं,
वर बाबांचा रुद्र चालू.

फ्युनरल डायरेक्टरचं लायसन्स मिळालं, कळवलं.
फोनवर एवढंच विचारलं त्यांनी,
अंघोळ करून घरात शिरतेस ना?

शिरते, बाबा.
सूतक नात्यातल्यांनाच, तुम्हीच शिकवलेलं.
मला रोज लागतं, थोडं थोडं.

भांग कुठल्या बाजूला, म्हणून तिच्या मुलीला फोन लावला.
ती बराच वेळ गप्प.
मग, डावीकडे.
मी उजवीकडे पाडलेला मोडला,
कंगवा ओला केला.