राखचंद्र, रात्रपाळीत

सुगत, घ्यावा का म्हणून विचारलंस, तर ऐक.

एक्केचाळीस जीबी.
हिंगणघाटला मेव्हण्याच्या वायफायवर दोन रात्री
लॅपटॉप उशाशी घेऊन झोपलो,
तेव्हा कुठं हा नवा चंद्र खाली उतरला.
मूळ गेम तीनदा संपवलेला, त्यामुळं
एक्स्पान्शनला सहाशे मोजताना हात आखडला नाही.

माझी ड्यूटी तुला ठाऊक आहे.
तेहतीस के.व्ही. उपकेंद्र, दहा ते सहा,
कूलरच्या वाळ्याचा वास, ट्रान्सफॉर्मरचं हुं हुं.
दर तासाला रजिस्टरात अँपिअर लिहायचे
आणि मधली पंचावन्न मिनिटं
चंद्रावर.

तिथली धूळ फार चांगली आहे.
कुणीतरी जीव लावून केलीय ती धूळ.
पावलाखाली आधी दबते, मग उशिरा उडते,
उडाली की खाली यायला विसरते,
जिनिंगच्या आवारात जानेवारीत
उन्हात कापसाचे तंतू लोंबकळतात ना, तशी.
आणि बंद पडलेल्या हवामान केंद्रातली एक खोली,
जिथं काहीच घडत नाही.
एक कप, एक खुर्ची, भिंतीवर नखानं ओढलेल्या रेघा.
मी मोजल्या. दोनशे सोळा.
कुठल्याच मोहिमेत त्यांचा उपयोग नाही.

बाकी मग रडगाणं. सोबतीचा यंत्रमाणूस
दर दाराशी तोच विनोद करतो, आपल्या डोमाजी लाइनमनसारखा,
पण डोमाजी निदान स्वतः तरी हसतो.
एक पहारेकरी कमरेपर्यंत भिंतीत अडकून
मला धमक्या देत होता. मी वळसा घालून गेलो.
खलनायक मरायच्या आधी इतकं बोलतो
की मी उठून अकराचं रीडिंग घेऊन आलो,
तरी त्याचं बालपणच चाललेलं.
बंदुका नव्या म्हणे. रंग नवे आहेत.

हे सगळं मी माफ केलं असतं.

शेवटी तो आपल्याला नेतो वीजघरात.
(हसू आलं मला. तिथंही सुटका नाही.)
दोन घुमट, वीज एकापुरती.
एकात खाणीतली माणसं, एकात बियाणं जपणारी.
खटका आपल्या हातात. संगीत थांबतं.
ते थांबणं, खरं सांगतो, देखणं आहे.
मी खाणीचा खटका पाडला.
काचेपलीकडे आधी लांबच्या खिडक्या विझल्या, मग जवळच्या,
आणि पडद्यावर आलं: तुम्हाला नऊशे गुण.

कुणाचा फोन आला नाही.
मागं जाऊन दुसरा घुमट विझवला.
तेच नऊशे. शेवटच्या पाटीचा रंग तेवढा निळा.

इथं, बाप्पा, गावठाणचा फीडर पाडला
की बोट सुटायच्या आत रिंग.
"काहून गेली बे लाईन?"
"लेकराले मच्छर तोडून राह्यले, साहेब."
गिरणीवाल्या कुंदाबाई उईके रोज म्हणतात,
खोटं सांगा, पण वेळ सांगा.
एकानं मागच्या मेमध्ये माझ्या सात पिढ्या उद्धरल्या
आणि पहाटे तोच थर्मासभर चहा घेऊन फाटकाशी उभा.
त्या घुमटातली माणसं
आपल्याला शिव्यासुद्धा देत नाहीत, सुगत.

काल सव्वादोनला वारावावधन सुटलं,
मांडव्याचा फीडर ट्रिप झाला.
चंद्र तसाच पडद्यावर थबकलेला.
मी फोनकडं पाहत बसलो.
एक मिनिट गेलं. दुसरं गेलं.
अशी शांतता मला या खोलीत ओळखीची नाही.
मग वाजला. "आहे का कोणी तिकडे?"
"आहे," मी म्हणालो, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं.

दोन बावीसला लाईन सोडली, रजिस्टरात लिहिलं.

दहापैकी किती, ते अजून ठरत नाही.
पुन्हा त्या रेघांच्या खोलीत गेलो होतो,
कप उचलता येतो का बघायला.
नाही येत.