फायवेलनं वाचलेलं अक्षर

वाचता वाचता गेदाल्यांच्या हातातली चांदीची काठी थांबली.
टोळधाडीनंतरचा शनिवार. दारातून
उरल्यासुरल्या लसूणघासाचा वास,
आणि ओळीत मधेच एक वाव — की योद?
बोटीवरच्या खाऱ्या हवेनं पाय खाल्लेला,
काना गळावा तसा.

तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरं.
एक जरी लंगडं, तर सगळी गुंडाळी मुकी.
म्हातारे डोळे बारीक करून वाकले.
आपलं चालत नाही, गेदाल्या म्हणाले,
आपल्याला पुढचं पाठ आहे.
पोर आणा. फार हुशार नको, अगदी मठ्ठही नको.

असं आमच्या फायवेलला उचललं,
सहा वर्षांचा, गुडघ्यावर खपली.
आजूबाजूची अक्षरं रुमालानं झाकली.
हात मागे बांध. चामड्याला बोट लावायचं नाही.

पडद्याआड बायकांत मी श्वास धरून.
त्याला अक्षरं मीच शिकवली होती,
परातीतल्या पिठात बोट फिरवून:
उंच तो वाव, बुटका तो योद.
हे कुणाला ठाऊक नव्हतं.

वाव म्हणजे आकडा. शब्दाला अडकवला की 'आणि'.
पोदोलियातलं घर आणि बोट,
बोट आणि आई, जी उतरली नाही,
आणि ही सपाट जमीन, जिथं सावलीसुद्धा
आपली आपण न्यावी लागते.
वाव म्हण, मी मनात म्हटलं. वाव म्हण रे.

"योद."
खणखणीत.

कुणी रागावलं नाही. गुंडाळी मिटली,
मखमल चढवली, आणि पट्टा
आतून बांधायचा तो वरून बांधला.
दुखरी कंबर आवळलेल्या माणसासारखी
ती कपाटात उभी राहिली.
दुसरी नव्हती. अकरा शनिवार
आम्ही छापील पुस्तकातून वाचलं.

मग रोसारिओहून झेलिग लेखनिक आला,
टर्कीचं पीस, शिंगातली शाई.
अक्षराचं नाव मोठ्यानं घेतलं
आणि पापणीच्या केसाएवढा पाय दिला.
एवढ्यासाठी दीड दिवसाची आगगाडी.

खरं बोललास, त्यानं फायवेलला खडीसाखर दिली.
"हिनं शिकवलं," फायवेल म्हणाला,
गालात खडा, बोट माझ्याकडे.

झेलिगनं दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.
रुमाल परत अंथरला,
एक अक्षर उघडं ठेवलं,
आणि थांबला.

मी पिठाचे हात झग्याला पुसले,
मागे बांधले.