उजवा बाण, डावा बाण

हापसालूला ऑक्टोबरात दुपारीच दिवा लावावा लागतो.
मारिकाने कार्ड खोचलं:
चार हजार एकशे सात क्रौंच,
म्हणजे खरं तर साठेक क्रौंच आणि एक सकाळ.

भाच्याने, ऊकूने, तीन सॉफ्टवेअरं टाकून दिलीत,
तीस दिवस फुकट.
पहिलं आधी सगळं आपल्या पोटात घेतं,
मग विचारतं, हा चेहरा कुणाचा?
क्रौंचाचा, बाबा.
दुसरं शहाणं. एकसारखे फोटो एकावर एक रचून
वरचा तेवढा दाखवतं: सर्वोत्तम.
बाकीचे अठ्ठावीस खाली,
गादीखालच्या जुन्या बिलांसारखे.
मारिकाला त्यातला एकोणिसावा हवा होता,
पंख हललेला, मान वळलेली, जरासा फसलेला.

तिसरं दिसायला दरिद्री.
राखाडी चौकट, बटणं चार.
रंगांतलं त्याला फारसं कळत नाही, ऊकूच म्हणाला.
तिने उजवा बाण दाबला
आणि बोट उचलायला विसरली.

चिखल. चिखल. एक पाय वर.
धाव, धाव, पाणी फुटलं,
आणि पक्षी टेबलावरून उडाला
पार चहाच्या कपापर्यंत.

डावा बाण:
तो मागे मागे येत उतरला,
फुटलेलं पाणी पुन्हा मिटलं.

"मग कुठलं घेतेस?" ऊकू फोनवर.
रॉ फाइल किती सेकंदांत उघडते, टॅग, तारे, बॅकअप,
तो बरंच बोलत होता.
ती म्हणाली, थांब जरा,
अजून एकदा उतरवते.