पत्र्याचा निळा

दर सोळा दिवसांनी तो जालन्यावरून जातो,
सकाळी पावणेअकराच्या सुमारास,
सातशे किलोमीटर उंचावरून.
कुणी मान वर करत नाही.
रसवंतीचे घुंगरू वाजत राहतात,
मोंढ्यात हमाल पोत्याचा भार दुसऱ्या खांद्यावर घेतो,
तेवढ्यात आमचं अख्खं शहर मोजून झालेलं असतं.

एक्क्याण्णव सालचा मे आणि यंदाचा मे
मी पडद्यावर शेजारी शेजारी लावले.
तेव्हा मूठभर होतं.
आता उतू गेलंय,
अंबड रस्त्यानं, मंठा रस्त्यानं, वाट सापडेल तिकडे.
चौथीत आमची सहल ज्या मोसंबीच्या बागेत गेली
तिथं आता मोसंबी पार्क आहे, फेज दोन.

तापमानाचा नकाशा काढला तर
शहरापेक्षा भोवतालची शिवारंच जास्त लाल.
सर म्हणाले, असं कसं? पुन्हा तपास.
तपासलं. बरोबर होतं.
नांगरून पडलेली काळी जमीन मे महिन्यात सकाळीच पेटते,
पण दिवेलागण झाली की ऊन परत करून मोकळी होते.
शहर परत करत नाही.
उशाखाली घेऊन झोपतं,
आणि मग कुणालाच झोप येत नाही.

नकाशात एकच जागा निळी होती,
रोलिंग मिलच्या भिंतीला लागून.
तळ्यासारखी निळी.
मला वाटलं, एखादी आमराई राहिली असेल चुकून.
तापमापक घेतला, रिक्षा केली.

झाड नव्हतं. पत्रे होते.
नवे, चकचकीत, ओळीनं.
कौसाबाई घुलेंच्या घरात पारा शेहेचाळीसवर,
झोळीतल्या लेकराच्या अंगावर ओला पंचा,
पंखा गरम हवाच इकडून तिकडे करत होता.

पुस्तकात हे होतं, मी वाचलंही होतं:
नवा पत्रा आपला ताप वर कळू देत नाही,
वर बघणाऱ्याला तो आभाळाचाच गारवा दाखवतो.
जुना होऊन गंजला की मग खरं बोलायला लागतो.

मोबाइलवर त्यांना त्यांची गल्ली दाखवली.
“हे निळं आमचं?”
हो म्हटलं.
“निळं म्हंजे पाणी ना वं?
मंग नळ कवा येतो ते बी दिसतं का त्याच्यात?
बारा दिस झाले.”
आणि स्वतःच हसल्या, पदर तोंडाला लावून.

सर म्हणाले, ते ठिपके वगळून टाक,
तळटीप दे.
मी अजून वगळलेले नाहीत. तळटीपही दिलेली नाही.

पुढच्या फेरीच्या दिवशी मी पुन्हा गेले,
छपराखाली ताप किती, ते लिहून घ्यायला.
कौसाबाईंनी वेळ विचारली.
पावणेअकरा, म्हटलं.
त्यांनी गोधडी पाण्यात बुडवली, पिळली नाही,
शिडी लावून पत्र्यावर अंथरली,
चार कोपऱ्यांना चार विटा.
“आता दिसंल का त्याला, की हितं मानसं हायेत?”

नकाशाचा एक ठिपका तीस मीटरचा.
त्यात अशी गोधडी मावते, दिसत नाही.
मी काही बोलले नाही.
शिडी धरून उभी राहिले.
समोरच्या दोघीजणी आपापल्या गोधड्या बाहेर काढत होत्या.