नमुना एक्केचाळीस

हडपसरहून बर्फाच्या डब्यात आली ती गाठ,
विद्यापीठाच्या चौकात चाळीस मिनिटं अडकून.
बाईंचं नाव आम्हाला कळवत नाहीत.
वय त्रेपन्न, डावा स्तन. एवढंच.

आज नववी रात्र.
पाषाणच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर गुणगुणतो,
सदतीस अंश, अंगात असावं तसं.
भिंगाखाली सगळ्या एकाच पेशीच्या लेकी,
तरी शेजारणीला टेकून एक म्हणते, मी अशी,
आणि दुसरी मुकाट तशी नसलेली होत जाते.
हा निरोप वाहत जात नाही.
अंगाला अंग लागावं लागतं.

मला वाटायचं, हात सोडते तीच लांब जाते.
अत्तार मॅडम म्हणाल्या, नीट बघ,
एकटी सुटलेली बहुधा वाटेतच विरते.
फुप्फुसापर्यंत पोचतात त्या या,
पाचसहा जणी,
अर्धा हात धरलेल्या,
अर्धा सैल.

वहीत आकडे लिहिले. चष्मा पुसला.

हडपसरला आता नळाला पाणी आलं असेल.
डाव्या हाताने उचलायचं नाही,
म्हणून टबाचा दुसरा कान
शेजारीण धरत असेल.